‘अचानक’ आलेली साथ : १९१८ चा फ्लू आणि वाया गेलेले तीन महिने

१/ १९१८ च्या इन्फ्लुएन्झाविषयी एक वाक्य हमखास वाचायला मिळते : साथ अचानक आली, कोणाच्याच हाती काही नव्हते. मूळची ही सबब सरकारी आहे. मुंबई नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी या रोगाला रात्री शिरणाऱ्या चोराची उपमा दिली होती. उपमा देखणी आहे. परंतु जो चोर जूनमध्ये घर पाहून जातो आणि सप्टेंबरात परततो, त्याला अचानक आलेला कसे म्हणावे?

२/ कालक्रम पाहावा. मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांना घेऊन आलेले जहाज मुंबई बंदराला लागले. १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीस होता. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती व लवकर ओसरली. सप्टेंबरात दुसरी उसळली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. इलाख्यातील बळी दहा लाखांच्या घरात गेले.

३/ लस नव्हती, प्रतिजैविके नव्हती, विषाणूची ओळखही पटलेली नव्हती, हा आक्षेप खरा आहे. पण त्याने सिद्ध काय होते? बहुसंख्य रुग्ण फ्लूपाठोपाठ जडलेल्या न्यूमोनियाने गेले आणि त्यावर त्या काळी मुख्य आधार शुश्रूषेचाच होता : ऊब, मोकळी हवा, पाणी, पेज, दूध आणि उशाशी बसणारे माणूस. यांपैकी एकही गोष्ट प्रयोगशाळेतून यायची नव्हती.

४/ त्यातच १९१८ चा पावसाळा बुडाला, धान्य कडाडले.

५/ मृत्यूने सर्वांना सारखेच गाठले, ही दुसरी लाडकी समजूत. मुंबई शहरात युरोपीयांमध्ये दर हजारी मृत्यू ८.३ होते, पारशांमध्ये सुमारे ९. आणि ‘कनिष्ठ’ गणल्या गेलेल्या हिंदू जातींमध्ये ६१.६. विषाणू तोच, हवा तीच. फरक होता तो खोलीतल्या माणसांच्या संख्येचा, ताटातल्या अन्नाचा आणि काळजी घेणाऱ्या हातांचा.

६/ हे हात बहुधा बाईचे. हिंदुस्थानात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात मेल्या, आणि त्यातही ऐन उमेदीच्या वयातल्या. पाणी भरणारी, चूल पेटवणारी, आजाऱ्याचे अंग पुसणारी आणि सर्वांत शेवटी जेवणारी व्यक्ती एकच. ती आडवी झाली की घरातल्या बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णालाही पेज मिळेनाशी होई. घराची तयारी म्हणजे केवळ डबे भरणे नव्हे; ती पडली तर तिच्या जागी कोण उभे राहील, हे आधी ठरवणे.

७/ सरकार कुठे होते? १८९७ मध्ये प्लेगच्या नावाखाली पुण्यात घरोघरी सैनिक घुसवणारे हेच राज्य १९१८ मध्ये मात्र जवळजवळ अदृश्य होते. पोकळी भरली ती ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी, जातिसंस्थांनी आणि स्वयंसेवकांनी. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही स्मशानात लाकडे अपुरी पडू लागल्यावर धावून येणे म्हणजे मदत. तिला पूर्वतयारी म्हणत नाहीत.

८/ आजही साथीच्या तयारीची चर्चा खाटा आणि लशींवर सुरू होते व ‘दोन आठवड्यांचा शिधा घरात ठेवा’ या सल्ल्यावर संपते. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर संध्याकाळचे पीठ येते, त्याला हा सल्ला देणे ही क्रूर थट्टा आहे. १९१८ च्या परळमधल्या गिरणी कामगाराने शिधा कशातून साठवायचा होता? त्याचा शिधा, त्याची भरपगारी रजा, त्याच्या खोलीतली हवा या गोष्टी गिरणीमालक, चाळमालक आणि नगरपालिका यांच्या हाती होत्या. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा वेळही त्यांच्याच हाती होता.