ब्रँड अकरा, मालक तीन

थेट मुद्द्यावर येतो. गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर, ज्याला अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, त्याच्या बाजारात पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: "आधी ब्रँडची तुलना करा." माझं म्हणणं आहे की हा सल्ला म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळफेक आहे. दुकानात पाट्या डझनभर दिसतात, पण त्यांच्यामागचे मालक एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. आणि हे कुणी त्या माणसाला सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तालुक्याच्या गावी बसून नगरपरिषदेच्या बातम्या करणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या ट्रेलरचं काय पडलंय? सांगतो. माझा भाचा ओहायोत असतो. नवरा-बायको, दोन मुलं. तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रेलर घेऊन राष्ट्रीय उद्यानांत जाऊन राहायची पद्धत आहे. त्यालाही पहिला, हलका, आपल्या एसयूव्हीला झेपेल असा ट्रेलर घ्यायचाय. पोरगं हिशेबी. महिनाभर खपून त्याने एक्सेलचा तक्ता केला आणि मला पाठवला, "मामा, तुला कागदपत्रं वाचायची सवय आहे, जरा बघ." तक्त्यात अकरा नावं: जेको, स्टारक्राफ्ट, कीस्टोन, डचमेन, केझेड, रॉकवुड, फ्लॅगस्टाफ, सेलम, वाइल्डवुड, विनेबागो, ग्रँड डिझाइन. प्रत्येकापुढे किंमत, वजन, लांबी, किती जण झोपतात, लोकांनी दिलेले तारे. काम खरंच नेटकं. फक्त एक रकाना नव्हता, मालक कोण?

बातमीदाराला पहिला हाच प्रश्न पडतो. जमीन कुणाच्या नावावर, ठेका कुणाच्या मेव्हण्याच्या नावावर. म्हणून शोधलं. फार खोल जावं लागलं नाही. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सगळं उघड छापलेलं असतं, वाचत कुणी नाही एवढंच. जेको, स्टारक्राफ्ट, कीस्टोन, डचमेन, केझेड ही पाचही नावं थॉर इंडस्ट्रीज या एका कंपनीच्या छत्राखाली. १९८० मध्ये दोघांनी एअरस्ट्रीम ही कंपनी विकत घेऊन थॉर सुरू केली आणि मग एकेक प्रतिस्पर्धी गिळत गेले. २०१६ मध्ये जेको घेतली. रॉकवुड, फ्लॅगस्टाफ, सेलम, वाइल्डवुड ही चारही नावं फॉरेस्ट रिव्हरची, आणि फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून बर्कशायर हॅथवेची, म्हणजे वॉरन बफे यांच्या कंपनीची. उरलेली दोन, विनेबागो आणि ग्रँड डिझाइन, एकाच घरची. ग्रँड डिझाइन २०१६ मध्ये विनेबागोने विकत घेतली.

अकरा नावं, तीन मालक. पोरगं महिनाभर काय तोलत होतं?

त्यातही सेलम आणि वाइल्डवुड ही तर जुळी भावंडं. आतली मांडणी जवळपास तीच, बाहेरची पट्टी आणि नाव वेगळं. रॉकवुड-फ्लॅगस्टाफचंही तेच. एकाच शहरात दोन डीलर असले की दोघांनाही "आमच्याकडचा ब्रँड वेगळा" म्हणायला मिळावं, एवढाच त्या दुसऱ्या नावाचा उपयोग. कोलमन नावाचे ट्रेलरही मिळतात. कोलमन म्हणजे कंदील आणि स्टोव्हसाठी पिढ्यान् पिढ्या नावाजलेलं नाव. ट्रेलर मात्र डचमेन बनवत आली आहे, नाव तेवढं भाड्याचं. आजोबांच्या कंदिलावरचा विश्वास नातवाच्या ट्रेलरला चिकटवायचा, असा हा धंदा.

हसू नका. आपल्याकडे काय वेगळं आहे? सर्फ की रिन की व्हील, या वादात घरातल्या बायकांचं आयुष्य गेलं, तिन्ही पुडे हिंदुस्थान युनिलिव्हरचे. आमच्याकडे पारावर आजही महिंद्रा चांगला की स्वराज यावरून आवाज चढतात. स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राने २००७ मध्येच घेतली हे सांगितलं की माणसं माझ्याकडेच संशयाने बघतात.

पण साबणाचा पुडा फसला तर पन्नास-शंभर रुपये गेले. हा ट्रेलर हलका म्हटला तरी वीस-पंचवीस हजार डॉलरचा. कर्ज दहा, पंधरा, कधी वीस वर्षांचं. वॉरंटी बहुतेक ठिकाणी एक वर्षाची. म्हणजे वॉरंटी संपल्यावर चौदा वर्षं हप्ते फेडायचे, आणि छत गळायला लागलं तर तेही आपणच बघायचं. तिकडे सदोष मोटार परत घ्यायला लावणारे 'लेमन कायदे' आहेत, पण अनेक राज्यांत ओढायचे ट्रेलर त्यात बसतच नाहीत. हे ट्रेलर सर्वाधिक जिथे बनतात त्या इंडियाना राज्याच्या लेमन कायद्यातही ते येत नाहीत. आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत बरेचदा अट असते की दावा करायचा तर इंडियानातच येऊन करा. टेक्सासच्या माणसाने इंडियानात वकील लावायचा! आपल्याकडे ग्राहकाला आता राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्या बाबतीत आपण बरे म्हणायचे.

इंडियानातला एल्कहार्ट हा या धंद्याचा बालेकिल्ला. इचलकरंजीत माग तसे तिथे ट्रेलरचे कारखाने. अनेक कारखान्यांत मजुरी उक्ती असते, जेवढे ट्रेलर बाहेर तेवढे पैसे. पहाटे काम सुरू करायचं आणि दिवसाचा आकडा पुरा करून घरी जायचं. कामगाराला दोष देत नाही. ऊसतोडीपासून वीटभट्टीपर्यंत उक्त्या कामाची घाई काय असते ते आपण बघतोच. पण घाईत एखाद्या सांध्यात सीलंट कमी पडलं तर तो ट्रेलर कुठल्या नावाची पट्टी लावून बाहेर गेला याला काय अर्थ? खालचा सांगाडा, ॲक्सल, खिडक्या, पायऱ्या पुरवणारी लिपर्ट ही कंपनी जवळपास सगळ्यांची सामाईक. फ्रिज आणि एसी बऱ्याच जणांचे डोमेटिकचे. मग या तक्त्यात तुलना कशाची चालली होती? पडद्याच्या रंगाची?

याची किंमत गरिबाने आधीच मोजली आहे. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर अमेरिकन सरकारने बेघर झालेल्या लाखभराहून अधिक कुटुंबांना असल्याच ट्रेलरमध्ये ठेवलं. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, मुलांना खोकला-दमा. शेवटी सरकारच्या आरोग्य यंत्रणेने ५१९ ट्रेलर आणि चाकांवरची घरं तपासली आणि २००८ मध्ये सांगितलं की आतल्या हवेत फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण साध्या घरांपेक्षा बरंच जास्त आहे. ते येत होतं भुसा आणि लाकडाचे तुकडे चिकटवून केलेल्या फळ्यांतून. त्या फळ्यांसाठी देशभर लागू होणारा कायदा त्यानंतर, २०१० मध्ये आला. ट्रेलर एका कंपनीचे नव्हते. ब्रँड बघून कोण वाचणार होतं?

आता समोरची बाजू. मालक एक म्हणजे माल एकच, असं मी म्हणत नाही. एअरस्ट्रीमही थॉरचीच, पण ती ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिबिटा मारून बनते, तिची घडण वेगळी आणि किंमत भाच्याच्या आवाक्याबाहेर. थॉर म्हणते, आमच्या कंपन्या आपापल्या स्वतंत्र चालतात, एकमेकींशी स्पर्धा करतात. करत असतील. भावाभावांतही स्पर्धा असते, शेत मात्र बापाच्याच नावावर असतं.

माझी मागणी साधी आहे. मी ज्या धंद्यात आहे त्यात चार पानी साप्ताहिकालासुद्धा शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादक कोण हे छापावं लागतं. दरवर्षी नमुना क्रमांक चार छापून मालक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाचं, हेही वाचकाला सांगायची रीत आम्ही वर्षानुवर्षं पाळली. दोन रुपयांच्या अंकाला जो नियम, तो पंचवीस हजार डॉलरच्या वस्तूला का नको? ट्रेलरवरच्या पाटीवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, तिचा धनी कोण ते नसतं. दर्शनी, मोठ्या अक्षरांत, ब्रँडच्या शेजारी लिहा ना. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. उद्या हा बाजार इथे वाढला तर हा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

तोवर काय करायचं? भाच्याला मी ब्रँडचा रकाना पुसायला लावला. त्याऐवजी घडण लिही म्हटलं. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि वर पत्रा, की चिकटवलेल्या थरांच्या भिंती, की फायबरग्लासची दोन कवचं मधल्या एका सांध्यावर जोडलेली? सांधे जितके जास्त तितक्या पाणी शिरायच्या जागा जास्त. त्या कवचाच्या प्रकारात मिनेसोटाची स्कॅम्प, टेक्सासची कसिटा अशा लहान कंपन्या आहेत. बसायला जागा कमी, पण कारखान्याशी थेट व्यवहार.

दुसरा रकाना वजनाचा. जाहिरातीत जे 'कोरडं वजन' असतं त्यात पाणी नाही, सामान नाही, अनेकदा बॅटरीसुद्धा नाही. चाळीस गॅलनची टाकी भरली की नुसतं पाणीच दीडशे किलो होतं. त्याची गाडी ओढते पाच हजार पौंड, म्हणजे साधारण २२७० किलो, तेही आत माणसं आणि सामान भरलेलं नसताना. म्हणून कोरडं वजन सोडून ट्रेलरचं भरल्यावरचं कमाल वजन धरायचं. शिवाय त्यातला दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकवर येतो. तो कमी पडला तर हमरस्त्यावर मागचं घर शेपटीसारखं हलायला लागतं आणि पुढची गाडी घेऊन आडवं होतं. दाराजवळच्या स्टिकरवर किती सामान चालेल ते लिहिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय सेल्समनशी बोलूही नकोस, असं त्याला बजावलंय.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हे पुढे पाठवायला हरकत नाही. जुना ट्रेलर बघायला जाणार असाल तर आदल्या दिवशी पाऊस झालेला बरा. आत शिरलात की गादी-बिछाना नंतर बघा, आधी छत आणि भिंत मिळते त्या चारही कोपऱ्यांत अंगठ्याने दाबा. फळी मऊ लागली, की कुठल्याही नावाचा असो, तसेच मागे फिरा.