वाटेतल्या घशाकडेही पाहावे

पित्ताच्या वा जळजळीच्या तक्रारींसाठी केली जाणारी एंडोस्कोपी ही अन्ननलिका, जठर व ड्युओडेनमची तपासणी समजली जाते. दुर्बीण मात्र तेथे घशातूनच पोहोचते. या वाटेवर क्षणभर थांबून घसा पाहणे आणि जे दिसेल ते अहवालात नोंदविणे हा तपासणीचाच भाग मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिभेचे मूळ आणि श्वासमार्गावरील झाकण, म्हणजे एपिग्लॉटिस, यांमधील खळग्याला व्हॅलेक्युला म्हणतात. तेथील श्लेष्मग्रंथीचे तोंड बंद झाले की स्राव साचून गुळगुळीत, पिवळसर सिस्ट तयार होते. प्रौढांमध्ये ती बहुधा निरुपद्रवी असते. रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. मग नोंदीचा आग्रह कशासाठी? उद्या हाच रुग्ण हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल घेईल, तेव्हा मोठी सिस्ट स्वरयंत्राचे द्वार झाकून श्वासनलिकेत नळी घालणे अवघड करू शकते. भूलतज्ज्ञांना हे आधी ठाऊक असेल, तर ते तशी तयारी ठेवतात. सिस्टमध्ये जंतुसंसर्ग झाल्यास श्वासही कोंडू शकतो.

दिसताक्षणी तुकडा काढण्याचा मोह मात्र टाळावा. जिभेच्या मुळाशी क्वचित थायरॉइड ग्रंथी असते आणि पुष्कळदा ती त्या रुग्णाची एकमेव थायरॉइड असते. उलट, तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या घशात व्रण, रक्तस्राव वा कठीण उंचवटा दिसला, तर तो साधी सिस्ट समजून सोडू नये. आदिलाबादेत २००८ साली रिम्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कान-नाक-घसातज्ज्ञांच्या मतासाठी प्रत्येकाने नागपूर वा हैदराबाद गाठावे, अशी स्थिती आता नाही.

व्यवसायबंधूंना आणखी एक विनंती. आपल्याकडे ‘गाठ’ म्हटले की घरची माणसे कर्करोगच समजतात. अहवाल इंग्रजीत असतो आणि रुग्ण मराठी, तेलुगू वा गोंडी बोलणारा. म्हणून, “घशात पाण्याची बारीक पिशवी दिसते आहे. घाबरू नका, एकदा घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पुढे कधी भूल घ्यायची वेळ आली, तर हा कागद आधी पुढे करा,” एवढे त्याच्या भाषेत सांगावे.

समाजबांधवांनीही हा कागद जपून ठेवावा. पोटासाठी काढलेला अहवाल कधीतरी श्वासाच्या कामी येऊ शकतो.