भाच्याची थार आणि आरेचा रस्ता

परवा भाचा त्याची थार दाखवायला घेऊन आला. गाडी वर्षभरापूर्वीची, सजावट मात्र नवी! पुढे लोखंडी नळ्यांचा जाडजूड बंपर, टपावर एलईडी दिव्यांची लांबलचक पट्टी. "मामा, चल, आरेतून चक्कर मारू." बसलो.

अंधार पडल्यावर आरे कॉलनीत शिरलं की मुंबई मागे राहते. एका वळणावर त्याने टपावरची पट्टी लावली. झाडं दिवसासारखी उजळली. हातात पिशवी घेऊन पाड्याकडे निघालेल्या एक बाई डोळ्यांवर आडवा हात धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. भाच्याने लगेच पट्टी बंद केली, हे खरं. पण त्या बाई काही डोक्यातून जाईनात.

घरी येऊन जरा कायदा चाळला. मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि या बंपरबद्दल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र लिहून कारवाई करायला सांगितलं होतं.

कारण साधं आहे. गाडीचं नाक धडकेत चेपावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं; धक्का ते स्वतः पचवतं. पुढे लोखंड ठोकलं की तोच धक्का चासीतून आत बसलेल्यांपर्यंत येतो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं. आणि समोर माणूस असेल तर? बोलायलाच नको.

भाचा म्हणाला, "मग दुकानात उघड विकतात कसं?" हा प्रश्न मला पटला. विकणारा पैसे मोजून मोकळा, पावती फाटते ती घेणाऱ्याची! काय चालेल, काय नाही, याची सोप्या मराठीतली यादी प्रत्येक आरटीओत आणि प्रत्येक दुकानात लावली पाहिजे. चिखलात रुतलेली गाडी ओढायला विंच लागते, हेही मला मान्य आहे. तिला बंपरच्याच पंक्तीत बसवू नये.

पण त्याचं दुसरं म्हणणं, "ही जंगलातली गाडी आहे, मामा", हे मात्र पटलं नाही. आरे १९४९ पासून दुधाची वसाहत आहे आणि आदिवासी पाडे तर त्याच्याही आधीचे. इथे बंपरच्या समोर कोण येणार? म्हशी, बिबट्या, नाहीतर कामावरून घरी चालत जाणारं माणूस. यांच्यापासून गाडीचं रक्षण करायचं? मला वाटतं, उलट व्हायला हवं.

असो. दिव्यांची पट्टी उतरली आहे. बंपरवर बोलणी चालू आहेत. ताई, वाचत असशील तर तूही जरा बोल त्याच्याशी. माझं ऐकतो, पण निम्मंच :-)

तुमच्यापैकी कोणाच्या गाडीला आहे का असं काही? काढलंत की ठेवलंत?