वायरीत काय एवढे बघायचे?

कलाशाखेच्या वार्षिकात वायरीवर लेख म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावणार, हे मी गृहीतच धरले आहे. कविता, प्रवासवर्णन, फार तर एखादे विडंबन एवढेच या पानांना शोभते. तांबे, कथील, जॅक, पिन ही सारी शास्त्र शाखेची मालमत्ता! मलाही परवापरवापर्यंत तसेच वाटत होते. किंबहुना 'वायरीत काय एवढे बघायचे?' हे वाक्य मूळ माझेच. ते मी केव्हा उच्चारले हे आधी सांगतो, म्हणजे पुढच्या आग्रहाचा उलगडा होईल.

दोन वर्षांपूर्वी लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी आम्ही आठ-दहा जण मावळातल्या एका गावी गेलो होतो. जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायच्या होत्या. गावाने एकमुखाने एका आजींचे नाव सांगितले. रेकॉर्डर विभागाचा, माईक सभागृहातला. लांब केबल तेवढी नव्हती. आदल्या रात्री मी घरच्या टेबललॅम्पची दोन पदरी वायर घेतली, दहा मीटरचा तुकडा कापला, एका टोकाला माईकची पिन आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचा जॅक, तारा नुसत्या पिळून, बसवला. डाख देण्याचे कष्ट कोण घेणार! वर्गातल्या एका मैत्रिणीने शंका काढली, "अरे, चालेल ना हे?" तेव्हा मी ते वाक्य मोठ्या रुबाबात फेकले.

आजी दीड तास गायल्या. आधी थोड्या लाजल्या, मग सुनेला म्हणाल्या, "जोंधळं घाल गं मूठभर, रिकामं जातं फिरवून ववी येत न्हाई." जाते सुरू झाले आणि ओवीला ओवी लागत गेली. रेकॉर्डर दाराशी होता आणि माझी वायर भिंतीच्या कडेने, विजेच्या फिटिंगला खेटून गेली होती. हेडफोन कोणीच आणला नव्हता.

परत येऊन ऐकले तर दीड तास सलग 'घूंऽऽ'. शिवाय आजींचा हात फिरे तशी जवळची वायर हलत असे आणि दर फेऱ्याला एक कर्र असा आवाज. संगणकावर ते साफ करता येते म्हणतात, केलेही. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे तिची गुणगुण 50 वर आणि पुढे 100, 150 अशा पटींत बसते. ती काढायला गेलो तर जात्याची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत. गुणगुण गेली, तिच्याबरोबर जातेही गेले. आजींचा आवाज उरला तो डब्यात बसून गायल्यासारखा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा जायचे ठरवले होते. त्याआधी माघातच आजी गेल्याचा निरोप आला. सुनेला त्यातल्या थोड्या ओव्या येतात. बाकीच्या कोणालाच येत नाहीत.

असो. तेव्हापासून मी वायर बघायला लागलो. शिकवले ते संमेलनाला येणाऱ्या माईकवाल्या काकांनी. माझी ती ऐतिहासिक केबल त्यांना दाखवली तर ते हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अरे बाळा, ही दिव्याची वायर. दिव्याला काय, आजूबाजूचं काही ऐकू येत नाही. माईकच्या वायरीला सगळं ऐकू येतं."

यातले मर्म असे की माईकमधून निघणारी वीज अतिशय क्षीण असते, व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. रेकॉर्डर ती शेकडो पटींनी वाढवतो, आणि वाटेत वायरीने गोळा केलेला कचराही तितक्याच पटींनी वाढवतो. म्हणून माईकला शिल्डची वायर लागते. आत रबर किंवा प्लास्टिकने वेढलेली तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. बाहेरची विजेची गुणगुण जाळीवर अडते आणि तेथूनच परत पाठवली जाते. त्याहून चांगली वायर म्हणजे जाळीच्या आत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. दोघींतून आवाज उलटसुलट जातो. जाळीतून निसटलेला कचरा मात्र दोघींवर सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र फक्त दोघींतला फरक घेते, तेव्हा सारखे असलेले आपोआप वजा होते. मला ही युक्ती एखाद्या उत्तम श्लेषाइतकी आवडली. त्यासाठी पिन तीन टोकांची लागते: पहिल्यावर जाळी, दुसऱ्या-तिसऱ्यावर तारा. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीने ती काढली म्हणून जुने ध्वनिवाले तिला अजून कॅननच म्हणतात. आपला पाव इंची जॅक तर त्याहून म्हातारा. तो एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आला आहे.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलात तर दुकानदार पाच प्रकारच्या वायरी पुढे टाकील. भाव विचारण्याआधी बोटभर तुकडा मागून घ्यावा आणि त्याची साल काढावी. जाळी दाट विणलेली आहे की चार केस इकडे, चार तिकडे? जाळीऐवजी नुसता चंदेरी कागद असेल तर ती वायर भिंतीत कायमची बसवायला ठीक. रोज गुंडाळायच्या वायरीत तो कागद तडकतो. आतली तार अनेक बारीक केसांची हवी, एकच जाड तार वाकवून वाकवून तुटते. मग एक केस पात्याने खरवडावा. आत पांढरे दिसले तर बहुधा ते ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. त्याची वहनक्षमता तांब्याच्या दोन तृतीयांशाच्या आतबाहेर, आणि डाखही नीट धरत नाही. (काही चांगल्या वायरींत तांब्यालाच कथलाची कल्हई असते, ती खरवडली की खाली लाल दिसते. हे न कळल्याने मी एका सज्जन दुकानदाराशी भांडलो होतो.)

पिनांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: चमक पाहू नये, पकड पाहावी. वायरीचे बाहेरचे आवरण आवळून धरणारा चिमटा पिनेत नसेल, तर सारा ओढा त्या इवल्याशा डाखावर येतो आणि ऐन प्रयोगात तो दगा देतो. एकजीव ओतलेल्या, उघडता न येणाऱ्या पिना तर घेऊच नयेत. सोन्याचा मुलामा गंजत नाही, एवढाच त्याचा गुण; सोने तांब्यापेक्षा वीज कमीच वाहते. आणि डाख देण्यापूर्वी पिनेचे मागचे टोपण वायरीत ओवून घ्यावे. हे मी आजवर चार वेळा विसरलो आहे.

आता थोडे भांडण. आमच्या एका सरांनी ध्वनिमुद्रिकांच्या हौसेपायी परदेशी, शुद्ध चांदीची केबल मागवली आहे आणि तिने सतारीला गोडवा येतो असे ते म्हणतात. सरांची क्षमा मागून सांगतो, चांदी तांब्यापेक्षा सुमारे 6 टक्केच अधिक वहनक्षम आहे. माझ्या दहा मीटर माईक केबलचा जाण्यायेण्याचा रोध दीड ओहमच्या आसपास, आणि पुढच्या यंत्राचा हजारांत. त्यात 6 टक्क्यांनी काय साधणार? स्पीकरच्या वायरीचे गणित मात्र निराळे. तिला जाळी नको, जाडी हवी. 8 ओहमच्या स्पीकरला दहा मीटरवर अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर लावली तर तिचाच रोध 0.7 ओहम होतो; अडीच चौरस मिलिमीटरची लावली तर 0.14. म्हणजे सरांचे काम हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या तांब्याच्या वायरीने झाले असते. सतारीचा गोडवा सरांच्या कानात आहे, त्याबद्दल वाद नाही.

माझे म्हणणे एवढेच की आपले नाट्यमंडळ, संगीतमंडळ आणि मराठी विभाग यांनी दरवर्षी भाड्याने येणाऱ्या कोणाच्या तरी केबलींवर विसंबणे थांबवावे. एक सोल्डरिंगची इस्त्री, राळेच्या गाभ्याचे कथील आणि शंभर मीटरचे एक भेंडोळे एवढे भांडवल पुरे. 'हे आमचे काम नव्हे' असे म्हणणाऱ्या कलाशाखेच्या मित्रांना मी ते दीड तासाचे मुद्रण ऐकवायला तयार आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या एका गावी जायचे आहे. तेथेही एक आजी आहेत, आणि त्यांच्या घरी जाते अजून मांडलेले आहे. दोन केबली तयार आहेत, तिसरीच्या एका टोकाला पिन लावायची राहिली आहे. शनिवारी दुपारी मी मराठी विभागात ते काम घेऊन बसणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी यावे. येणाऱ्याने हेडफोन आणावा.