गाडी ओढेल हो, पण पेलेल का?



प्रवासाला निघताना घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "राहू दे गं, गाडीतच तर टाकायचंय!" एकदा गाडीत टाकायचं ठरलं की खलबत्तासुद्धा हलका होतो. गाडीला जणू वजन लागतच नाही!

मागच्या उन्हाळ्यात मी आणि आई अमेरिकेला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ती ओहायो राज्यात, सिनसिनाटीला असते. आईला डोंगर दाखवायचे म्हणून टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात चार दिवस मुक्काम करायचं ठरलं. तिकडे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर मिळतं. त्याला ट्रेलर म्हणतात. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं काही. मेहुण्यांनी असा एक जुना ट्रेलर हेरून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी बयाणा द्यायचा होता.

"ताई, आपली गाडी पाच हजार पौंड ओढते," ते खुशीत म्हणाले. "ट्रेलर साडेतीन हजारांचा. दीड हजार पौंड हातात आहेत!"

आपल्या हिशेबात सांगायचं तर गाडी ओढणार २२६८ किलो आणि ट्रेलर १६०० किलोचा. ऐकायला ठीकच होतं. पण मी अर्धवेळ का होईना, सातवी-आठवीला गणित शिकवते. शाब्दिक उदाहरणात मुलं नेहमी एकच चूक करतात. दिलेल्या आकड्यांतले सोयीचे दोन उचलायचे आणि वजाबाकी करून मोकळं व्हायचं! इथे मला तीच शंका आली. पण घरच्या जावयाला चूक दाखवायची कशी? मी म्हटलं, "मला नीट समजावून सांगा ना. परत गेल्यावर मुलांना उदाहरण घालीन." झालं, कागद-पेन्सिल घेऊन आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे ते १६०० किलो हे रिकाम्या डब्याचं वजन होतं. वाण्याकडून तेल आणताना आपण डब्याचं वजन वेगळं धरतोच ना? ट्रेलरमध्ये दीडशे लिटर पाण्याची टाकी होती, म्हणजे १५० किलो. भरलेले दोन गॅस सिलिंडर ३४ किलो. बॅटरी २५ किलो. अंथरुणं, भांडी, शिधा, हत्यारं, खुर्च्या मिळून धाकटीने अंदाज केला १९१ किलोंचा. बेरीज बरोबर २००० किलो! तरीही २२६८ च्या आतच. मेहुणे हसले, "बघा, बसतंय!"

तेवढ्यात आईने विचारलं, "ट्रेलरचं ओझं गाडीवर किती येतं?"

आई खेड्यात वाढलेली. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि बैलांची मान मोडते. थोडा भार जुवावर हवा, पण बेताचा. ट्रेलरचंही अगदी हेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी शेकडा १० ते १५ एवढा भार जोडणीच्या दांड्यावर यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो. जास्त आला तर गाडीची पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. शेकडा १२ धरले तर २००० किलोंचे २४० किलो झाले.

आता हे २४० किलो कोण पेलणार? गाडीच! आणि गाडी किती पेलते ते तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं. तिकडच्या गाड्यांना ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या माहितीची चिठ्ठी दिसते. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोंपेक्षा जास्त नको, असं तिच्यावर स्पष्ट छापलेलं असतं. धाकटीने बॅटरी घेऊन वाचलं. ५६० किलो.

मग मी वजाबाकी मांडली. मेहुणे ८२, धाकटी ६४, भाचा ४८, भाची ३४, मी ६० आणि आई ५६. सहा जणांचे झाले ३४४. राहिले २१६. थंड पेटी, बॅगा आणि कुकर यांचे ५५. राहिले १६१. जोडणीचं लोखंडी सामान ३५. राहिले १२६. आणि पेलायचे होते २४०! पाण्याची टाकी रिकामी नेली तरी त्यातले १८ किलोच कमी होत होते.

म्हणजे इंजिन ट्रेलर ओढेल, पण मागचे टायर, स्प्रिंगा आणि आस ओझ्याखाली दबतील. ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ओढण्याचा आकडा ठरवताना बहुतेक कंपन्या गाडीत दोनच माणसं धरतात. आम्ही होतो सहा.

मेहुणे काही बोलले नाहीत. स्वतः बाहेर जाऊन ती चिठ्ठी पुन्हा वाचून आले. सिनसिनाटीहून दक्षिणेला जाणारा ७५ क्रमांकाचा हमरस्ता टेनेसीत शिरताना जेलिकोच्या डोंगरातून जातो. लांबच लांब उतार, शेजारून धडधडत जाणारे ट्रक, आणि मागच्या सीटवर आई आणि मुलं. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "ताई, आता उलटं गणित करा. आपल्याला केवढा झेपेल?"

ते तर सोपं होतं. शिल्लक १२६ भागिले शेकडा १२, म्हणजे १०५० किलो, तोही सामानसुमानासकट. बयाणा दिला नाही. कापडी भिंतींचा, घडी होणारा लहान ट्रेलर भाड्याने घेतला आणि भरून ९५० किलोंवर थांबलो. मुलं तंबूत झोपली आणि पाणी मुक्कामाच्या नळावरून भरलं. निघताना हमरस्त्यालगतच्या ट्रकच्या काट्यावर गाडी आणि ट्रेलर तोलूनही घेतले, कारण अंदाज तो अंदाजच. जोडणीच्या दांड्यावरही त्याची स्वतःची मर्यादा लिहिलेली असते. जितक्या मर्यादा तितके आकडे, आणि त्यांतला सर्वांत लहान तो खरा.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे ट्रेलर ओढायचाय? पण गणपतीला कोकणात जाताना पाच माणसं, टपावर कॅरिअर, आणि येताना तांदूळ, नारळ, फणस हे तर खरं ना? मग एवढं कराच.

१. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि गाडीच्या पुस्तिकेत भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीची ऐपत. त्यातून आधी माणसं वजा करा, मग सामान ठरवा.

२. टपाची मर्यादा वेगळी असते, तीही पुस्तिकेत पाहा. जड वस्तू खाली, मागच्या सीटला टेकवून ठेवाव्यात. टपावर फक्त हलक्या.

३. भरल्या गाडीला टायरमध्ये हवा किती लागते तेही लिहिलेलं असतं. निघण्यापूर्वी, टायर थंड असताना भरून घ्या.

४. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐनवेळी लागत नाही. न्यूट्रल तर मुळीच नको.

ट्रेलर असलाच आणि तो डोलू लागला, तर जोरात ब्रेक मारू नये. पाय हळूहळू काढून घ्यावा आणि स्टिअरिंग सरळ धरावं.

येताना जेलिकोच्या उतारावर आई खुशाल डुलकी काढत होती. भाचीने विचारलं, "मावशी, आजीला भीती नाही वाटत?" मेहुणेच म्हणाले, "जुवावरचं ओझं तिनेच तोललंय बाळ. तिला कसली भीती!"