गाणे आमचे, सही कुणाची?

तामिळनाडूतील अरक्कोणमचा रॅप गायक आणि कवी अरिवू याचे 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे मार्च २०२१ मध्ये आले आणि जगभर गाजले. प्रस्थापित माध्यमांनी त्याला 'व्हायरल' ठरवून हात झटकले. चळवळीच्या वाचकांनी मात्र या गाण्याचे मूळ समजून घेतले पाहिजे.

जानेवारी २०१८ मध्ये दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गायन-वादनाचा संच उभा राहिला. अरिवू त्यातला. संचाचे नाव पंडित इयोथी थास यांच्या 'जातिविहीन तमिळ' या संज्ञेवरून घेतलेले. हे तेच इयोथी थास, ज्यांनी १८९८ साली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेआधी ५८ वर्षे, बुद्धाची वाट धरली होती. २०१८ च्याच 'काला' चित्रपटात अरिवूने गीत लिहिले. त्या चित्रपटातील वस्ती आपली धारावी, आणि त्यात धारावीचे रॅपरही होते. २०१९ मध्ये 'तेरुक्कुरल' हा त्याचा स्वतंत्र अल्बम आला.

मयताच्या घरी गायची ओप्पारी, उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला गाना, अस्पृश्य म्हणून हिणवली गेलेली परई आणि अमेरिकेतील काळ्या बांधवांचे हिप हॉप, हे सारे अरिवूने एकत्र आणले. समीक्षक याला 'फ्यूजन' म्हणतात. आम्हाला हे उशिरा भेटलेले नातेवाईक वाटतात. १९७२ मध्ये आमच्या पोरांनी 'पँथर' हे नाव कुठून घेतले होते?

'एन्जॉय एन्जामी'च्या मुळाशी त्याची आजी वल्लिअम्माळ आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली बाई. १९४८ च्या कायद्याने तिथल्या लाखो मळेमजुरांना नागरिकत्व नाकारले आणि १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ कराराने त्यातील सव्वापाच लाख माणसे भारताच्या वाट्याला घातली. दोन सरकारांनी कागदावर सह्या केल्या. मजुरांना कुणी विचारले नाही.

आणि नातवाच्या बाबतीत काय झाले? ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर या गाण्याचा गौरव झाला, पण चेहरे दुसऱ्या दोन गायकांचे. रंजित यांनी जाहीर निषेध केल्यावर अरिवूसाठी वेगळे डिजिटल मुखपृष्ठ निघाले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे त्याच्याविना सादर झाले. त्याने तक्रार केली; संगीतकार संतोष नारायणन आणि गायिका धी यांनी निर्मिती तिघांची असल्याचे आणि श्रेय कधी नाकारले नसल्याचे सांगितले. तो वाद त्यांचा. पण मार्च २०२४ मध्ये खुद्द नारायणन यांनीच जाहीर केले की तीन वर्षांत या गाण्याचा एक रुपयाही कुणा कलावंताला मिळालेला नाही. मग 'स्वतंत्र' संगीत म्हणजे नेमके कुणापासून स्वतंत्र?

कायदा इथे अगदीच मुका नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कवीला आपल्या रचनेवर नाव सांगण्याचा हक्क देते. हक्क विकल्यावरही तो उरतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही सोडता येत नाही असे केले. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. मात्र वल्लिअम्माळसारख्या बायांच्या तोंडी गाण्याला हा कायदा कर्ता मानत नाही, आणि ही पळवाट लहान नाही.

पण केवळ मनुवाद्यांकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होऊ नये. आमच्या कवींनी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफले. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' येतो तो तिथेच. ती त्यांची सही होती. आज १४ एप्रिलच्या मंचावर वेळ कमी म्हणून दोन कडवी गाऊन उरकले जाते आणि ती सही पुसली जाते. निवेदक गायकाचे नाव घेतो, देणगीदारांची यादी वाचतो, कवीचे नाव मात्र घेत नाही.

गल्लोगल्ली आमची मुले आता रॅप करू लागली आहेत. त्यांच्यापुढेही करारपत्रे येतील, बहुधा इंग्रजीत. सही करण्याआधी त्यांनी ती चळवळीतल्या कुठल्याही वकिलाकडून वाचून घ्यावीत. आमच्याकडे आली तर फी लागणार नाही.