दोन गोळ्या म्हणजे दुप्पट गुण नव्हे

रोजच्या कमाईवर घर चालविणाऱ्या कारागिराला आजारपण परवडत नाही. यंत्रमाग थांबला की मजुरी थांबते. शिलाईचा माल वेळेवर गेला नाही की गिऱ्हाईक तुटते. म्हणून ताप आला की तो एका डॉक्टरकडे जातो, दोन दिवसांत उतरला नाही की दुसऱ्याकडे जातो आणि मग औषधाच्या दुकानात उभा राहून ‘जरा भारी गोळी द्या’ म्हणतो. पहिली गोळी चालूच असते, तिच्यावर ही दुसरी चढते. दोन्ही अँटिबायोटिकच. लवकर कामावर जाण्याची ही घाई आम्ही समजू शकतो. पण हा व्यवहार तोट्याचा आहे, हे आम्हाला आज स्पष्ट सांगावयाचे आहे.

दोन अँटिबायोटिके एकत्र देणे मुळातच चूक, असे आमचे म्हणणे नाही. क्षयरोगावर पहिले दोन महिने चार औषधे एकत्र दिली जातात, कारण एकाच औषधाला जंतू लवकर दाद देईनासे होतात. पोटातील अल्सरच्या जंतूवरही दोन अँटिबायोटिकांची जोडी, आम्लता कमी करणाऱ्या गोळीसह, दिली जाते. पण या जोड्या वर्षानुवर्षे तपासून, मात्रा ठरवून मग वापरात आल्या आहेत. गल्ल्यावर जुळविलेल्या जोडीला असा आधार नसतो.

पेनिसिलिनचे उदाहरण घ्या. जंतू वाढत असताना स्वतःभोवती भिंत बांधतो, ती भिंत पेनिसिलिन मोडते. टेट्रासायक्लिन गटातील औषध जंतूची वाढच रोखते. वाढ थांबली की भिंतीचे बांधकामही थांबते आणि पेनिसिलिनला मोडायला काही उरत नाही. 1951 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी मेंदूच्या आवरणाला न्यूमोकोकस जंतूंमुळे सूज आलेल्या रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. नुसते पेनिसिलिन दिलेल्यांपेक्षा दोन्ही औषधे दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. प्रत्येक आजारात असेच घडते असे नाही, पण दोन कामगार एकमेकांच्या हाताखालचे काम काढून घेतात, असा हा प्रकार होऊ शकतो.

दुसरा धोका अंगावर बेततो. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन ही दोन्ही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. एकत्र घेतली तर धोका वाढतो. हृदयविकार असलेल्यांनी आणि जुलाब-उलट्यांनी क्षार कमी झालेल्यांनी यात विशेष जपावे. इस्पितळात व्हॅन्कोमायसिनबरोबर जेंटामायसिन किंवा अमिकासिनचे इंजेक्शन द्यावे लागले, तर डॉक्टर मूत्रपिंडासाठी रक्त तपासत राहतात, ते याच कारणाने. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन तर यकृताला असे कामाला लावते, की डॉक्सिसायक्लिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन शरीरातून लवकर निघून जातात व त्यांचा गुण कमी पडतो. क्षयाची औषधे चालू असलेल्याने ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला आधी सांगावी.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त फसविणारी. जुलाबावर सर्रास मिळणाऱ्या गोळीत ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल ही दोन औषधे आधीच एकत्र असतात. तिच्यावर कोणी मेट्रोनिडाझोल घेतले, तर ऑर्निडाझोलच्याच कुळातले औषध दुसऱ्यांदा पोटात जाते. अशी औषधे जास्त मात्रेत, जास्त दिवस घेतली तर हातापायांना मुंग्या व बधिरपणा येऊ शकतो. ज्याचे पोट सुईवर आणि बोटांवर आहे, त्या जरीवाल्याला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

माल घेताना आमचे व्यापारी बंधू सूत ओढून पाहतात, चामडे वाकवून पाहतात. औषधाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते मात्र कोणी वाचत नाही. नावे वेगळी आणि माल एकच, हे आपल्या बाजारात कळते, तसे येथेही कळले पाहिजे. शिवाय दुकानात छापील वेष्टनात मिळते म्हणून जोडी योग्यच असेल, असेही समजू नये. केंद्र सरकारने सप्टेंबर 2018 मध्ये 328 आणि ऑगस्ट 2024 मध्ये 156 जोड-औषधांवर बंदी घातली. ही औषधे त्याआधी उघड बाजारात विकली जात होती.

औषधांची दुकाने चालविणाऱ्या बंधूंनाही आमचे दोन शब्द आहेत. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकू नये, हा कायदा आहे. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या औषधांसाठी 1 मार्च 2014 पासून वेगळी वही ठेवावी लागते. तीत डॉक्टर, रोगी, औषध आणि नग यांची नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. हा जाच वाटत असेल. पण ‘आधीचे काही चालू आहे का?’ हा एक प्रश्न विचारायला ना वही लागते ना पैसा. दोन गोळ्यांची विक्री बुडाली तरी गिऱ्हाईकाचा विश्वास राहतो, आणि धंदा विश्वासावरच उभा असतो.

कारागीर बंधूंनी एवढे करावे. पट्टीतून दोन-चार गोळ्या कापून घेतल्या की नाव दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते; म्हणून नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे. दवाखान्यातून पुडी मिळाली तर तिच्यावरही नाव लिहून मागावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे खिशात घालून न्यावीत आणि विचारावे : पहिली बंद करू की दोन्ही घेऊ? मधुमेहाच्या व रक्त पातळ करण्याच्या गोळ्याही दाखवाव्यात, कारण काही अँटिबायोटिके त्यांच्याशीही खटके उडवितात. मात्र चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

दुसऱ्या डॉक्टरसमोर हे विचारायला पाच मिनिटे लागतात. चुकीच्या जोडीने अंथरूण धरले, तर माग कितीतरी दिवस बंद राहील. हिशेब ज्याचा त्याने करावा.